होटगीचा फाटा आणि हैदराबादची औषधे

वेलांकणीच्या यात्रेला आगगाडीने निघालेल्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी होटगी हे स्थानक पाहिले असेल. पाहिले असेल म्हणजे खिडकीतून त्याची पाटी मागे सरताना दिसली असेल. मुंबईहून मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे, जाणारी गाडी सोलापूर सोडते, डबे खाली-वर होतात, मुलाबाळांचे डबेफराळ उघडतात आणि पंधराएक किलोमीटरवर होटगी येते. येथे रुळांना फाटा फुटतो. एक वाट अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड असे करीत गुलबर्ग्याकडे आणि पुढे वाडी-रायचूरकडे जाते. दुसरी दक्षिणेला वळून विजापूर आणि गदगकडे निघते. आम्ही काही वर्षांपूर्वी मुद्दाम येथे उतरलो होतो. बाकावर बसून पाहिले तर सिमेंटच्या आणि कोळशाच्या मालगाड्या यांखेरीज नजरेत भरण्याजोगे काही नाही. परंतु १९४८ च्या उन्हाळ्यात या दोन वाटांतील अंतर केवळ दिशेचे नव्हते. विजापूरची वाट मुंबई प्रांताच्या हद्दीत राहत होती. गुलबर्ग्याची वाट दुधनीच्या पुढे निजामाच्या राज्यात शिरत होती. त्या राज्याशी दिल्लीच्या सरकारचा करार होता, बोलणी चालू होती, आणि त्याच वेळी लढाईची तयारीही चालू होती.

लढाई होणार की नाही हे ठरलेले नसताना सरहद्दीपलीकडच्या आजाऱ्याला औषध पोचवायचे कोणी, कोणाच्या परवानगीने, आणि ते औषधच आहे याची खात्री कोणी द्यायची, हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी उपस्थित झाला आहे. आमच्या महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर तो एकदा उपस्थित झाला होता याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, सरदार पटेलांची दृढता यांविषयी शाळकरी मुलांनाही माहिती असते. औषधे, मीठ आणि पाण्यात टाकायचे क्लोरीन यांवरून दोन सरकारांत झालेल्या वादाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. म्हणून हा लेख.

होटगीचा फाटा मुळात कशासाठी झाला ते आधी सांगणे इष्ट होईल. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८७१ पर्यंत रायचूरला भिडली. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत, तसेच म्हैसूर व हैदराबाद संस्थानांत, लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि अन्नामागोमाग आलेल्या रोगराईने मेली. धान्य देशात नव्हते असे नव्हे. जेथे लोक मरत होते तेथे ते वेळेवर पोचविण्याचे साधन नव्हते आणि पोचविण्याची सरकारची निकडही बेताचीच होती. पुढे दुष्काळ आयोग बसला आणि दुष्काळी मुलखात संरक्षक म्हणून लोहमार्ग टाकावेत असे ठरले. सदर्न मराठा रेल्वे ही त्यांतलीच. होटगी ते गदग हा तिचा मीटरगेज मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला. म्हणजे होटगीला जंक्शन करणारा हा फाटा संकटकाळी धान्य हलविता यावे या हेतूने जन्मला होता. पुढे चौसष्ट वर्षांनी त्याच स्थानकावरून फुटणारी दुसरी वाट, माल जाऊ न देण्याच्या धोरणात सापडली. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांचा फार अर्थ लावीत बसू नये, पण नोंद घ्यावी.

आता १९४७ कडे वळू. इंग्रज गेले तेव्हा हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. त्याचे राज्य सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, लोकसंख्या दीड कोटीहून अधिक, आणि त्यांतील फार मोठा भाग हिंदू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यात होते. उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले आहे, गुलबर्ग्याचे कलबुर्गी. चहूकडून भारतीय मुलूख, स्वतःचे बंदर नाही. पोर्तुगीजांकडून गोव्यातील मुरगाव बंदर मिळविण्याचा विचार निजामाच्या दरबारी झाला तो याच अडचणीपायी. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची पूर्वीची घडी वर्षभर तशीच राहावी, दरम्यान कायमचा तोडगा निघावा, अशी ती कल्पना. भारताचे एजंट-जनरल म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला गेले. हैदराबादतर्फे नवाब झैन यार जंग दिल्लीत बसले. लायक अली नावाचे उद्योगपती निजामाचे पंतप्रधान झाले.

या करारात एक कलम होते, त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. करारातून जो काही वाद उद्भवेल तो दोन लवादांपुढे न्यावा, प्रत्येक पक्षाने एकेक लवाद नेमावा, आणि त्या दोघांनी मिळून एक सरपंच निवडावा, असे ते कलम. गावच्या बांधाच्या भांडणातही आपण हेच करतो. ज्यांना एकमेकांवर विश्वास नाही त्यांनी तिसऱ्या माणसावर तरी तो ठेवावा! परंतु तो लवाद कधी बसलाच नाही. हैदराबादने लवादाची भाषा केली. दिल्लीचे म्हणणे असे की कराराचा भंग हैदराबादच राजरोस करीत आहे. निजाम सरकारने मौल्यवान धातूंची निर्यात बंद केली होती, भारतीय चलन आपल्या राज्यात कायदेशीर मानायचे नाही असे ठरविले होते, आणि पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज देऊ केले होते. त्यात कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो कहर मांडला होता तो पाहता दिल्लीचा संयम संपत आला यात नवल नाही.

मग सुरू झाली ती नाकेबंदी. नाकेबंदी हा शब्द दिल्लीला मान्य नव्हता. तशी कोणतीही जाहीर घोषणा झाली नाही. शस्त्रास्त्रे, दारूगोळा आणि लष्करी उपयोगाचा माल हैदराबादला जाऊ द्यायचा नाही एवढेच धोरण असल्याचे सांगण्यात येई. अन्नधान्य, मीठ, औषधे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीन यांवर बंदी घालण्याचा हेतू नाही, ही भारताची बाजू होती. हैदराबादची बाजू याच्या नेमकी उलट: औषधे येत नाहीत, क्लोरीन येत नाही, मीठ आणि पेट्रोल यांचा तुटवडा आहे, आणि रोगराई झाली तर त्याचे पाप दिल्लीच्या माथी. या वादातील तीन मुख्य माणसांनी पुढे पुस्तके लिहिली. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांचे पुस्तक १९५६ मध्ये, मुन्शींचे १९५७ मध्ये आणि लायक अलींचे १९६२ मध्ये कराचीहून प्रसिद्ध झाले. ही तिन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली तर एकाच स्थानकावरून सुटलेल्या तीन गाड्या तीन वेगळ्या मुलखांत गेल्यासारखे वाटते.

खरे कोण बोलत होते? आम्हांस वाटते की दोन्ही बाजू आपापल्या परीने पुष्कळसे खरेच बोलत होत्या, आणि नेमका तेथेच घोळ होता. दिल्लीतील मंत्री औषधांना सूट आहे असे म्हणतो तेव्हा तो कागदावरील आज्ञेविषयी बोलत असतो. परंतु माल दिल्लीहून निघत नाही. तो मुंबईच्या व्यापाऱ्याच्या वखारीतून निघतो. व्यापाऱ्याला परवाना लागतो. परवाना प्रांतिक सरकारचा अधिकारी देतो. रेल्वेचा माल-बाबू पावती फाडतो. वॅगन मिळायची असते. सोलापूर-होटगीकडून पुढे जाताना पोलिसाने पेटी अडवायची नाही असे त्याला कोणीतरी सांगावे लागते. यांतील एकानेही हात आखडला तर पेटी तेथेच राहते, आणि हात आखडल्याबद्दल त्याला कोणी शिक्षा करीत नाही. उलट शत्रूच्या मुलखात माल सोडला म्हणून मात्र जाब विचारला जाईल, ही भीती त्याला असतेच. बंदीचा हुकूम आपोआप खाली उतरतो. सवलतीचा हुकूम वाटेतच कोठेतरी थिजतो. सरहद्दीलगतच्या अधिकाऱ्यांसमोर तर रोज रझाकारांनी लुटलेल्या गावांतील माणसे येऊन उभी राहत होती. त्यांच्याकडून हैदराबादला जाणाऱ्या पेटीविषयी जिव्हाळ्याची अपेक्षा करणे सोपे नव्हते.

आणि मीठ! समुद्रकाठच्या आम्हां लोकांना मिठाचे काय मोल; मिठागरांच्या पांढऱ्या राशी पाहतच आमच्या कित्येक पिढ्या वाढल्या. ज्याच्या राज्याला समुद्रच नाही त्याच्या प्रजेला मात्र चिमूटभर मिठासाठीही दुसऱ्याच्या रुळांकडे पाहावे लागत होते. निजामाच्या तिजोरीत जगातील एक मोठी संपत्ती होती असे म्हणतात. मिठाच्या टंचाईची झळ त्याच्या मुदपाकखान्यापेक्षा औशाच्या किंवा उमरग्याच्या शेतमजुराच्या भाकरीला आधी लागणार, हे सांगायला अर्थशास्त्र नको. हा शेतमजूर बहुधा हिंदू, म्हणजे ज्याच्या सुटकेसाठी हा सगळा खटाटोप चालला होता तोच. नाकेबंदीची ही अडचण जगात सर्वत्र असते: दाबायचे असते राजाला, आणि चेंगरते प्रजा.

तरीही दिल्लीच्या संशयाला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या उन्हाळ्यात कराचीहून हैदराबादकडे विमाने नेत होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीवरून गुपचूप छायाचित्रे काढल्याबद्दल त्याची ख्याती झालेली होती. त्याची लँकास्ट्रियन विमाने रात्रीच्या अंधारात भारतीय मुलखावरून उडत आणि बिदर, वरंगळ वगैरे धावपट्ट्यांवर उतरत. त्यांतून मुख्यतः शस्त्रे येत. इतर सामान आणि औषधेही येत. पुढे इंग्लंडात त्याच्यावर खटला होऊन त्याला २०० पौंड दंड झाला. ज्या विमानात बंदुका त्याच विमानात औषधे, अशी एकदा सरमिसळ झाली की मग दुसऱ्या कोणी निव्वळ औषधांची पेटी आणली तरी तिच्या तळाशी काय आहे हे पाहिल्यावाचून कोण सोडील?

सरहद्दीच्या आमच्या बाजूलाही हीच सरमिसळ होती, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसने मुंबई प्रांताच्या, मध्य प्रांताच्या आणि मद्रास प्रांताच्या हद्दीत जागोजाग छावण्या उघडल्या होत्या. सोलापूर आणि बार्शी हे त्यांतील महत्त्वाचे टापू. घरदार टाकून आलेल्या लोकांना तेथे आसरा मिळे, अन्न मिळे, जखमींना मलमपट्टी मिळे. तेथूनच सशस्त्र तुकड्या रात्री हद्द ओलांडून निजामाचे करोडगिरीचे नाके जाळीत, चौक्यांवर हल्ले करीत. या तरुणांचे धाडस मोठे होते आणि त्यांची बाजू न्यायाची होती असे आम्ही मानतो. पण ज्या तंबूत आजारी म्हातारी निजली आहे त्याच तंबूच्या मागे बंदुका ठेवल्या असतील, तर पलीकडचा शिपाई त्या तंबूला दवाखाना म्हणणार नाही. सोलापूर-बार्शी भागात तर हद्द ही सरळ रेघ नव्हतीच. मुंबई प्रांताची गावे निजामाच्या मुलखात आणि निजामाची गावे मुंबई प्रांतात असे तुकडे एकमेकांत घुसलेले होते. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना माणूस नकळत दोन राज्ये ओलांडी. सोलापूरहून बार्शीकडे जाताना लागणारे नान्नज हे गाव जुलै १९४८ मध्ये चकमकीमुळे दिल्ली आणि हैदराबाद यांच्या खलित्यांत गाजले ते यामुळेच.

अशीच गत वीस वर्षांनी आफ्रिकेत बियाफ्रात झाली. आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना ते नाव आठवत असेल, कारण कॅथॉलिक कारितास आणि प्रोटेस्टंट संस्था यांनी एकत्र येऊन १९६८ ते १९७० या काळात साव तोमे बेटावरून विमानांनी अन्न व औषधे नेली. पाच हजारांहून अधिक उड्डाणे, सुमारे साठ हजार टन माल. ही विमाने उली येथे उतरत. उली म्हणजे एका हमरस्त्याची केलेली धावपट्टी, आणि तिच्यावर बियाफ्राला शस्त्रे आणणारी विमानेही त्याच अंधारात उतरत. नायजेरियाच्या सरकारने संशय घेतला, दिवसा तपासणी करून उड्डाणे व्हावीत असा आग्रह धरला, बियाफ्राने तो मानला नाही. जून १९६९ मध्ये रेडक्रॉसचे एक विमान पाडले गेले. धर्मादायाच्या हेतूंत तेथे खोट नव्हती. तरी धावपट्टी एकच होती.

असो. हैदराबादच्या बाबतीत धर्मादाय संस्थांची अशी मोठी फळी मध्ये पडलीच नाही. मुन्शी आणि लायक अली यांच्यात भेटी होत, चहापान होई, तक्रारींचे कागद इकडून तिकडे जात. त्याच कागदांत शस्त्रे, चलन, रझाकार, सरहद्दीवरील खून आणि औषधे हे सारे एकाच यादीत येई. आमच्या मते हीच मोठी चूक. औषधांचा प्रश्न राजकारणाच्या यादीतून बाहेर काढून निराळ्या माणसांच्या हाती दिला असता, होटगीला किंवा वाडीला दोन्ही पक्षांचे दोन आणि तिसरा एक तटस्थ असे तिघे बसवून पेट्या उघडून पाहिल्या असत्या, तर निदान ‘तुम्ही अडवता’ आणि ‘आम्ही अडवत नाही’ या वादाचा निकाल रोजच्या रोज लागला असता. करारात लवादाची तरतूद होतीच. तिचा इतका लहान आणि इतका उपयुक्त अर्थ लावण्याचे कोणाला सुचले नाही. किंवा सुचूनही कोणाला नको होते. निजामाच्या बाजूला उपाशी प्रजेचे गाऱ्हाणे जगापुढे मांडण्यात फायदा होता, आणि दिल्लीला हैदराबादशी दोन समान राष्ट्रांसारखे तटस्थ पंच बसवून वागायचेच नव्हते. पंच मान्य केला की सरहद्द मान्य केल्यासारखे होते. सरदार पटेलांच्या दृष्टीने सारा प्रश्नच त्या सरहद्दीच्या अस्तित्वाचा होता, हे विसरून चालणार नाही.

या गोंधळात दिवस जात होते आणि माणसे हलत होती. मराठवाड्यातून हिंदू कुटुंबे सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाड या भागांत येत होती. त्याच वेळी भारतातील ठिकठिकाणचे मुसलमान आसऱ्यासाठी निजामाच्या राज्यात शिरत होते. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्थानकावर मद्रासहून मुंबईकडे येणाऱ्या मेल गाडीवर हल्ला झाला. होटगीहून गुलबर्ग्याकडे निघाल्यावर जी स्थानके लागतात त्यांतलेच हे एक. आज दत्तभक्तांची तेथे दाटी असते. त्या दिवशी उतारूंना मारहाण झाली, माणसे मेली. सारा देश संतापला. एका देशाच्या दोन मोठ्या शहरांमधील मुख्य गाडी वाटेत परक्या सत्तेच्या मुलखातून जाते आणि तेथे तिच्यावर हल्ला होतो, हे चित्र कोणत्याही सरकारला फार काळ सोसण्यासारखे नव्हते. जूनमध्ये लॉर्ड माऊंटबॅटन जाण्यापूर्वी तडजोडीचा मसुदा जवळजवळ ठरला होता. सर वॉल्टर माँक्टन या निजामाच्या इंग्रज सल्लागाराने त्यासाठी जिवाचे रान केले. निजामाने तो मसुदा स्वीकारला नाही. त्यानंतर बोलण्यांत प्राण उरला नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जगाचे लक्ष होटगीकडे नव्हते, बर्लिनकडे होते. जूनअखेर रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रूळ अडविले आणि अमेरिका व ब्रिटन यांनी कोळसा, पीठ, दूधभुकटी विमानांनी नेण्यास आरंभ केला. अडविणे आणि पोचविणे हे दोन्ही मोठ्या सत्तांचे खेळ होते, परंतु त्यामुळे एका गोष्टीची चर्चा जगभर सुरू झाली: वेढलेल्या मुलखातील साध्या नागरिकाला काही हक्क आहे की नाही? २० ऑगस्ट १९४८ रोजी स्टॉकहोम येथे रेडक्रॉसची सतरावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युद्धकाळी नागरिकांचे संरक्षण कसे करावे याचा मसुदा तिने दहा दिवसांत संमत केला. आणि हा तारखांचा मेळ पाहा, २१ ऑगस्टला हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रारीची तार केली. त्याच सुमारास, त्याच हैदराबाद शहरात, रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारा ‘इमरोज’ पत्राचा तरुण मुसलमान संपादक शोएबुल्ला खान याला रस्त्यात गाठून ठार करण्यात आले. मानवतेच्या नावाने जगाकडे दाद मागणाऱ्या राजधानीत हे घडत होते. म्हणून त्या तारेतील औषधांच्या गाऱ्हाण्याकडे भारतात कोणी सहानुभूतीने पाहिले नाही, याचा दोष आम्ही केवळ भारताला देऊ शकत नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, ते थोडक्यात सांगतो. ७ सप्टेंबरला पंडित नेहरूंनी संविधान सभेत रझाकार संघटना मोडून काढण्याची मागणी केली. ११ तारखेला कराचीत जीना वारले. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालील मुख्य फौज सोलापूरच्या बाजूने निघाली. नळदुर्गजवळील बोरी नदीचा पूल उडविला जाण्यापूर्वीच तिने घेतला, आणि उमरगा, हुमनाबाद असे करीत ती हैदराबादकडे सरकली. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे हैदराबादचे मोईन नवाझ जंग आपले म्हणणे मांडीत होते. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार हजर होते. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबविले, १८ ला जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली, आणि २२ तारखेला निजामाने संयुक्त राष्ट्रांकडील तक्रारही मागे घेतली. औषधे कोणी अडविली याची चौकशी त्यामुळे पॅरिसला झाली नाही, दिल्लीलाही झाली नाही. विजय मिळाल्यावर असल्या चौकशा कोण करतो?

पण औषधांची आणि मदतीची गरज विजयाने संपली नाही. ती त्या दिवसापासून वाढली. रझाकारांनी वर्षभर जे केले होते त्याचा सूड पोलीस कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यांतील मुसलमानांवर उगवला गेला. ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशांवरही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून जो अहवाल दिला त्यात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची होती. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन लपविले, हेही त्यांनी नोंदविले आहे. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. सामान्य अभ्यासकाला तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहता येऊ लागला तो अगदी अलीकडे. ज्यांनी मुक्तिसंग्रामात घरची माणसे गमावली त्यांच्या दुःखाचा या आकड्यांमुळे अवमान होतो असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो तेव्हा आमचीही मान ताठ होते, आणि ज्या विधवांची नावे त्या दिवशी कोणी घेत नाही त्यांचे स्मरण करताना ती खाली झुकते. दोन्ही एकाच मानेने करता येते.

१२ ऑगस्ट १९४९ रोजी, म्हणजे हैदराबादच्या शरणागतीनंतर वर्ष पुरे होण्याच्या आतच, स्टॉकहोमच्या त्या मसुद्यातून जिनिव्हाचा चौथा करार सिद्ध झाला. त्यातील २३ वे कलम वाचताना आम्हांला पदोपदी होटगी आठवत होती. शत्रूच्या मुलखातील नागरिकांसाठी पाठविलेल्या औषधांना आणि इस्पितळाच्या साहित्याला मोकळी वाट द्यावी, असे ते कलम सांगते. उपासनेसाठी लागणाऱ्या वस्तूंनाही ते हीच सवलत देते, हे वाचून आमच्या वाचकांना समाधान वाटेल. पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यासाठी अत्यावश्यक अन्न, कपडे आणि शक्तिवर्धके यांनाही वाट द्यायची आहे. पण लगेच पुढे अटी येतात: माल भलतीकडे वळविला जाण्याची सबळ भीती नसावी, देखरेख परिणामकारक असावी, शत्रूच्या युद्धप्रयत्नाला त्यातून निश्चित लाभ होऊ नये. आणि वाट देणाऱ्याला असेही म्हणता येते की वाटप तटस्थ सत्तेच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. सिडनी कॉटनची विमाने आणि सोलापूरच्या बाजूचा संशयी माल-बाबू हे दोघेही हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असावेत, असे वाटण्याइतके ते नेमके आहे. अर्थात त्यांच्यासमोर युरोपचे अनुभव होते. होटगीचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते.

आणि तरीही हे कलम १९४८ मध्ये अस्तित्वात असते तरी हैदराबादच्या आजाऱ्याला त्याचा उपयोग झाला नसता. ते दोन राष्ट्रांमधील युद्धाला लागू आहे. भारताच्या दृष्टीने हैदराबाद हा घरचा प्रश्न होता, आणि आमच्याही दृष्टीने तो घरचाच होता. घरच्या भांडणासाठी जिनिव्हाने एकच तुटपुंजे तिसरे कलम ठेवले. त्यात जखमींची व आजाऱ्यांची शुश्रूषा करावी असे आहे, रेडक्रॉसने आपली सेवा देऊ करावी असे आहे, पण पेटीला वाट द्यावी असे कोठे स्पष्ट म्हटलेले नाही.

होटगीहून आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत सोलापूरला आलो. फलाटावर गुलबर्ग्याच्या एका मोठ्या इस्पितळातून पाय कापून घरी निघालेला एक शेतकरी आणि त्याची म्हातारी बसली होती, गाव अक्कलकोटकडचे. सोलापूरला सोय नाही का, असे आम्ही विचारले तर ते म्हणाले, आहे की, पण मुलीचे घर गुलबर्ग्याला, म्हणून तिकडे गेलो. त्यांच्या पिशवीत औषधाच्या बाटल्या होत्या, आणि दुधनीला त्या कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या.